भेंडवाडीचा डोंगर आणि एकदाच लागणारे आकडे

नवं यंत्र जुन्यापेक्षा सोळापट ताकदीचं होतं आणि तरी चौपट उशिरा बोलत होतं. हे कसं, ते भेंडवाडीत कुणालाच उलगडेना.

गोष्ट २०५१ सालच्या मे महिन्यातली. भेंडवाडीच्या डोक्यावर एक डोंगर आहे आणि तो अधूनमधून खाली यायला बघतो. म्हणून त्याच्या अंगभर चार हजार कंपनमापक (जमिनीची बारीक थरथर मोजणारी उपकरणं) रोवलेले होते. त्यांचे आकडे शाळेमागच्या खोलीतल्या यंत्रात अखंड येत. डोंगर सरकायची चिन्हं दिसली की यंत्राने दहा सेकंदांत भोंगा वाजवायचा, असा नियम. पहिल्याच चाचणीत त्याने अडतीस सेकंद घेतले. तेवढ्या वेळात डोंगर येऊन, बसून, चहा मागून गेला असता.

गुरुवारी दुसरी आणि शेवटची चाचणी होती. त्यातही यंत्र नापास झालं, तर पावसाळ्याचे चार महिने सगळी वाडी तालुक्याच्या गावी पत्र्याच्या शेडांत. बारा वर्षांची वैजयंती, म्हणजे वैजू, यंत्रं येण्यापूर्वी दरवर्षी तिथे राहिली होती. शेडात शाळा नव्हती. तिची म्हैस तिथे दूध देत नसे आणि चार महिने वैजूकडे पाठ करून उभी राहत असे.

बुधवारी सकाळी दुरुस्तीला यंत्रमानव आला. त्याचं नाव वाढपी-सात. नाव आधीच्या नोकरीतलं, कारण तो पाच वर्षं एका मंगल कार्यालयात पंगतीला वाढत होता. मग खात्याने त्याची बदली भूस्खलन विभागात केली. दोन्ही कामांत वेळेला महत्त्व असतं, असं आदेशात कारण दिलं होतं.

"तक्रार काय?" त्याने विचारलं.

"सुरू केल्या केल्या ते झपझप चालतं," वैजू म्हणाली. "मग लगेच मंदावतं, ते मंदच. मी पाच वेळा बंद करून पाहिलं."

"परवानगीशिवाय," यंत्राचे राखणदार तात्या जंगम खुर्चीतून म्हणाले. नव्या यंत्राबरोबर तेही नवेच आले होते. त्यापूर्वी तीस वर्षं ते सरकारी दफ्तरखान्यात होते.

वाढपी-सातने यंत्राचं झाकण उघडलं. "हा सदिश प्रक्रियक (एकाच हुकमात आकड्यांच्या अख्ख्या रांगेवर काम करणारा गणक). साधा गणक म्हणजे एकटा वाढपी. या पानावर भात, मग त्या पानावर भात. इथे चौसष्ट पानांपुढे चौसष्ट वाढपी उभे आहेत. 'भात' म्हटलं की चौसष्ट पानांवर एकदम."

"मग उशीर का होतो?"

"भाताचं पातेलं जवळ नसेल, तर चौसष्ट जण चौसष्ट पानांपुढे नुसते उभे राहतात. मी पाहिलंय. नवरदेवाचे मामा फार बोलतात."

वैजूने विचारलं, "इथे भात म्हणजे काय?"

"प्रत्येक मापकाची रोजची एक थरथर असते. वाऱ्याची, रस्त्यावरच्या ट्रकची. तिचा एक तक्ता आहे. नव्या आकड्यातून ती वजा केली की उरते ती डोंगराची हालचाल. म्हणजे तक्ता पुन्हा पुन्हा लागतो. तो निकटस्मृतीत (लागेल ते चटकन मिळावं म्हणून गणकाच्या अगदी जवळ ठेवलेलं छोटं कपाट) हवा." त्याने आत डोकावलं. "इथे तो नाही. इथे नुकतेच येऊन गेलेले आकडे खचाखच भरलेत. हे कोणी सांगितलं?"

"मी," तात्या ताठ बसले. "आलेला प्रत्येक कागद हाताशी हवा. तीस वर्षांत माझ्याकडून एक चिटोरं हरवलेलं नाही."

"परत लागलं होतं का एखादं?"

तात्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "मागायला तसं कोणी आलं नाही."

वैजू ताडकन उभी राहिली. "तात्या! म्हणजे उठलेल्या पंगतीच्या उष्ट्या पत्रावळी आपण वाढायच्या टेबलावर रचतोय, आणि जागा उरली नाही म्हणून भाताचं पातेलं मागच्या अंगणात ठेवलंय!"

"प्रत्येक खेपेला अंगणात जायचं आणि यायचं," वाढपी-सात म्हणाला. "सुरुवातीला टेबल रिकामं असतं, म्हणून काम झपझप होतं. हे आकडे म्हणजे प्रवाही माहिती (सतत येत राहणारी, एकदा वापरली की काम संपलेली). तिला कपाटात बसवायचं नसतं. पंगतीसारखं आलं, जेवलं, उठलं."

"आणि पहिली पंगत उठेपर्यंत दुसरी ताटकळणार?"

"मंगल कार्यालयात काय करतात?"

"दोन ओसऱ्या असतात," वैजू सावकाश म्हणाली. "एकीवर माणसं जेवताहेत तोवर दुसरीवर पानं मांडायची. इथेही दोन छोट्या जागा ठेवायच्या. एकीतले आकडे वजा होताहेत तोवर दुसरीत नवे भरायचे. मग आलटून पालटून! म्हणजे चौसष्टांतला एकही वाढपी रिकामा नाही."

"आणि दप्तर?" तात्या कळवळले. "आकडे फेकून देणार? माझ्या अंगठ्याशिवाय एकही मांडणी बदलत नाही, सांगून ठेवतो."

"फेकायचे कशाला?" वैजू म्हणाली. "वापर झाला की थेट कोठारात. मोठ्या, लांबच्या स्मृतीत. फक्त वाटेत कपाटात शिरायचं नाही."

तात्या खुर्चीत पुढे सरकले. "पोच मिळेल?"

"प्रत्येक आकड्याची," वाढपी-सात म्हणाला.

तात्यांनी अंगठा लावला.

गुरुवारी अकरा वाजता सगळी वाडी शाळेच्या पटांगणात उभी होती. काहींनी गाठोडी बांधूनच आणली होती. डोंगर सरकल्यासारखी थरथर व्हावी म्हणून वर उतारावर एक दगडी रूळ सोडण्यात आला. तपासणीला आलेल्या पाटणकर मॅडम मनगटाकडे बघत मोठ्याने मोजू लागल्या. "एक. दोन. तीन."

चारला वैजूने डोळे मिटले. सहाच्या आधी भोंगा असा वाजला, की मॅडमच्या हातातला कागद खाली पडला. त्यांनी तो उचलला, झटकला आणि त्यावर लिहिलं : 'वाडी हलवण्याची गरज नाही.' मग तो तात्यांनी मागून घेतला.

लोक गाठोडी सोडायला घरी गेले. वैजू तिथेच थांबली.

"आता याची किती ताकद शिल्लक आहे?" तिने विचारलं.

"पुष्कळ. अजून तीन डोंगरांचे आकडे ऐकू शकेल."

वैजूने ओढ्यापलीकडे बघितलं. समोरच्या डोंगराखाली करंजवाडी होती. तिथे मापक नव्हते. तिथली माणसं याही वर्षी शेडात जायला निघाली होती.

"तिथे मापक रोवायला रीतसर अर्ज करावा लागेल," वाढपी-सात म्हणाला. "मंजुरीला दोन आठवडे."

"पावसाला तीन आहेत," वैजू म्हणाली, आणि कागद मागायला तात्यांच्या खोलीकडे पळाली.