हंटरची धुरकट काच

इतवारीत त्या दिवशी मी पॉलिश पेपर आणायला गेले होते. दुकानदारानं नेहमीसारखं विचारलं, "फर्निचर घासता काय, बाई?" मी नेहमीसारखं सांगितलं, "विमान घासते." तो हसला. हसू दे. त्याच्या हसण्यानं माझ्या कामाची धार कधी कमी झाली नाही.

एकोणऐंशीचा मे. रात्रीला लोक उगाच भितात. रात्री कुत्री तरी भुंकतात, कोणाचं पोर तरी रडतं. नागपुरात मे महिन्यात दुपारी बारा ते चार सगळ्या खिडक्या बंद, रस्त्यावर माणूस नाही, आणि उजेड असा की डोळे उघडे ठेवून आंधळं व्हावं. मी जे सांगते आहे ते सगळं या चार तासांतलं आहे.

आधी माझ्याबद्दल ऐकून घ्या, म्हणजे मध्येच टोकणार नाही. मी अंजनाबाई, राहणार इंदोरा. तरुणपणी सोनेगावला विमानदलाच्या साहेबांकडे आया होते. एका मेमसाहेबांनी प्लास्टिकच्या मोडक्या विमानाची पेटी कचऱ्यात टाकली, ती मी उचलली. पेटीत जोडणीचा कागद होता. मला अक्षर येत नव्हतं. तुकड्यावरचा आकडा आणि कागदावरचा आकडा जुळवत गेले, आणि तशी वाचायला शिकले. आधी आकडे, मग इंग्रजी, मराठी सगळ्यात शेवटी. पुढं साहेबलोकच आपली जुनी विलायती विमानं घेऊन माझ्या दारात यायला लागले. जुन्या साच्याचं विमान म्हणजे ओबडधोबड. पंखावरचे रिव्हेट मोहरीएवढे, वैमानिकाच्या डोक्यावरची काच बाटलीच्या बुडाएवढी जाड. ते घासायचं, सुईनं पत्र्याच्या रेघा कोरायच्या, सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीचे पट्टे करून त्याच्या खुर्चीला लावायचे. खरं विमान वाटलं पाहिजे. मी केलेलं वाटायचं.

आणखी एक. छप्पन साली मी दीक्षा घेतली. अंगात येणं, गंडेदोरे, भूतखेत, सगळं त्या मैदानात टाकून आले. तेव्हा हे मी भूत म्हणून सांगत नाही. पाहिलं ते सांगते. नाव काय द्यायचं ते तुमचं तुम्ही पाहा.

इतवारीतून परत आले तर दारात एक बाई उभी. तिशीची, डोक्यावरून पदर, उन्हानं लाल झालेली.

"अंजनाबाई तुम्हीच ना? मी शोभा. धंतोलीच्या यमुताईंची सून."

नाव ऐकून होते. यमुताईंचा मुलगा रुपराव हंटर विमान उडवायचा. एकाहत्तरच्या डिसेंबरात, लढाईत, पहाडाकडं गेला तो आलाच नाही. विमान सापडलं नाही, माणूस सापडला नाही. कागदावर नुसतं 'बेपत्ता'.

पाणी पिऊन शोभा बोलली. "सात वर्षं झाली. वकील म्हणतात, आता कोर्ट त्यांना मृत धरेल. अमरावतीच्या एका मास्तरांनी मला विचारलं आहे. चांगले आहेत. पण सासूबाईंच्या संमतीशिवाय मी ते घर सोडणार नाही. त्यांनी मला मुलीसारखं ठेवलं."

"मग त्याच्यात मी काय करू?"

"ह्यांनी एक विमान अर्धवट ठेवलंय. हंटरच. सासूबाई म्हणतात, रुपूचं विमान पुरं झालं की मी कोर्टाच्या कागदावर सही करते." तिनं मान खाली घातली. "त्यांना वाटतं, कोणाले जमणारच नाही."

झालं. जमणार नाही म्हटल्यावर मी घरी बसेन काय?

दुसऱ्या दिवसापासून जायला लागले. सकाळी माझी कामं असत, म्हणून दुपारी. रुपरावची खोली मागच्या बाजूला, खिडकीला वाळ्याची ताटी. मोलकरीण तिच्यावर पाणी मारून जायची, मग सगळ्या अंधाराला ओल्या मुळांचा वास यायचा. यमुताई दाराजवळ आरामखुर्चीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं त्यांना मी दिसायचे ती एक सावली.

"काय वं अंजना, किती झालं?"

"पंख जोडून राहिले."

"घाई करू नको. कोणी मांगं लागलं नाही तुह्या." मग सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात, "ज्यायले घाई हाय त्यायले असू दे."

शोभा आतून म्हणायची, "सासूबाई, ताक आणू?"

"आण. मीठ टाकजो. कालच्यावानी इसरू नको, मन अमरावतीले असते तुहं."

रागावून बोलायच्या, पण तिच्या हातचंच ताक प्यायच्या. दोघींमधलं ते ओझं मला रोज दिसायचं. एकीला सोडता येत नव्हतं, दुसरीला ओढून नेता येत नव्हतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी माझे हात कापायला लागले होते. तरी मी एकेक रिव्हेट घासत बसायचे. थकवा असा की घरी जाऊन भाकर थापायचं त्राण उरायचं नाही.

पंधरा दिवसांत विमान उभं राहिलं. पेटीतली जाड काच मी फेकली. कडुनिंबाच्या लाकडाचा साचा कोरला, शर्टाच्या डब्याचं पारदर्शक झाकण चुलीवर ऊन केलं आणि साच्यावर ओढलं. अशी पातळ, स्वच्छ काच निघाली की मीच खूश झाले. उरला वैमानिक. अर्ध्या पेराएवढा माणूस.

शोभा हळूच म्हणाली, "अंजनाबाई, खुर्ची रिकामी ठेवा. जमिनीवर उभं असलेलं विमान रिकामंच असते ना?"

बरोबर होतं तिचं. उभ्या विमानात माणूस बसवायचा नाही, हा आमच्या कामातला साधा रिवाज. पण यमुताईंनी ऐकलं.

"रिकामं? माह्या लेकाचं इमान रिकामं? त्याले बसव."

मी बसवला. यमुताईंच्या शब्दाखातर नाही, खोटं काहून बोलू? मला माझा हात दाखवायचा होता. भिंतीवरचा फोटो पाहून, उंदराच्या मिशीच्या केसानं मी त्याचे डोळे रंगवले, भुवया काढल्या, हनुवटीवरची खोकसुद्धा काढली. इतका हुबेहूब माणूस मी आधी कधी केला नव्हता. त्याला खुर्चीत बसवला, पट्टे आवळले, वरून काच चिकटवली.

दुसऱ्या दुपारी आले तर काच आतून धुरकट.

असं होतं. विलायतेतून येतो तो कडक गोंद वापरला की त्याच्या वाफेनं काच आतून पांढरी पडते. नवशिक्यांची हमखास चूक. पण मी नवशिकी नव्हते. काचेला मी सुताराचा पांढरा गोंद लावला होता, त्याला वाफ नसते. तरी काच काढली, आतून मऊ फडक्यानं पुसली, पुन्हा बसवली. पाहता पाहता धूर परत आला. वैमानिकाच्या तोंडासमोर, वाटाण्याच्या फोलपटाएवढा.

आणि मग तो कमी झाला.

गोंदाचा डाग कमी होत नाही हो. एकदा बसला की बसला. हा कमी झाला, पुन्हा वाढला. पुन्हा कमी झाला. मी भिंग डोळ्याला लावून पाहत बसले. माझ्या लक्षात आलं, मी त्याच्याबरोबरीनं श्वास घेत होते. तो माझ्याहून हळू होता. दमलेल्या माणसासारखा.

मी डोकं चालवलं. काच धुरकट कधी होते? आत ऊब आणि बाहेर थंडी असली की. डिसेंबरात ट्रकची काच होते तशी. इथं बाहेर नागपूरचा मे होता, सेहेचाळीस डिग्री. म्हणजे त्याच्या काचेबाहेर जे होतं, ते इथलं नव्हतं.

बोट टेकवलं तर काच गार. माठासारखी गार नाही. बर्फाच्या लादीसारखी, बोट चिकटावं इतकी.

"काय झालं?" शोभा ताकाचा पेला घेऊन उभी होती. तिनं वाकून पाहिलं. पेला तिनं टेबलावर ठेवला.

"गोंद आहे," मी म्हटलं.

"गोंद... असा कमीजास्त होते?"

मी भिंग खाली ठेवलं. दाराजवळ यमुताईंचं हलकं घोरणं चालू होतं. ताटीतून पाणी ठिबकत होतं.

"अंजनाबाई..." ती जेमतेम ऐकू येईल असं बोलली, "जिते आहेत का हो ते?"

"मला ठाऊक नाही."

"सासूबाईंना कळलं तर... त्या मरेपर्यंत सही नाही करणार. आणि मी..." तिनं दाराकडं पाहिलं. मग म्हणाली, "मीसुद्धा मग जाऊ शकणार नाही. मी पाहिलं ना आता."

"तू काही पाहिलं नाही," मी म्हटलं. "तू ताक आणलं आणि गेली. जा."

ती गेली. मी वैमानिकाला बाहेर काढून पाहावं म्हणून काच उचलली, चिमटा आत घातला. पट्टे मीच बांधलेले, सिगारेटच्या चांदीचे. नुसत्या फुंकरीनं तुटावेत असे. ते तुटेनात. चिमटा वाकला. मी काच परत लावली आणि हात मांडीखाली दाबून बसले.

सहीसाठी दुसऱ्या दुपारी दोन वाजता वकील चंपतराव यायचे होते.

मी एक वाजता पोचले. पिशवीत सोनेगावच्या एका सार्जंटनं दिलेली कडक गोंदाची नळी होती. दोन बोटं चिकटली तर कातडी निघते असा गोंद. आयुष्यभर मी तो काचेजवळ नेला नव्हता. तो काचेच्या आतल्या कडेनं फिरवला आणि काच दाबून धरली. डोळ्यांत पाणी यायला लावणारा वास सुटला. आत पांढरं चढत गेलं, तोंडासमोरून डोळ्यांपर्यंत, डोळ्यांवरून टोपावर. मी ओठ न हलवता म्हटलं, "माफ कर, बाबा. तिलेही जगू दे." मग आतलं काहीच दिसेना. काच पांढरी ती पांढरीच राहिली. वाढेना, घटेना.

चंपतराव आले. यमुताईंनी विमान हातात घेतलं. दिसत नव्हतं, म्हणून बोटांनी पाहिलं. नाक, पंख, शेपूट. मग उजेडात, डोळ्याच्या अगदी जवळ नेलं.

"काच पांढरी काहून दिसते?"

"गोंदाची वाफ लागली. चूक झाली माझी."

"तुही चूक?" त्या हसल्या. "एवढं नाव तुहं, आन् शेवटी पोरीसोरीवानी काच खराब केली?"

चंपतराव हसले. दारात उभी मोलकरीणही हसली. तीस वर्षांत न केलेली चूक मी अंगावर घेतली आणि मान खाली घालून बसले. तो हसण्याचा आवाज आजही आठवला की कान तापतात. पण शोभा माझ्याकडं पाहत होती. तिला कळलं होतं.

यमुताईंनी विमान टेबलावर ठेवलं. बराच वेळ त्यावर हात ठेवून राहिल्या. मग म्हणाल्या, "आण तो कागद. हात धर वं शोभे, रेघ कुठं हाय ते दाखव."

सही झाली. कोर्टाचं झालं. पुढच्या उन्हाळ्याच्या आत शोभा अमरावतीला गेली. तिला मुलगी झाल्याचं पत्र आलं, त्यात माझ्यासाठीही दोन ओळी होत्या.

मला वाटलं, संपलं.

ब्याऐंशीच्या एप्रिलात यमुताईंचा निरोप्या आला, लवकर या म्हणून. भर दुपारी गेले. ताटीचा तोच वास. यमुताईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. जाड भिंगाचा चष्मा, त्यामागं एवढे मोठे डोळे. त्यांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं, पण पाहून न पाहिल्यासारखं करून टेबलाकडं बोट दाखवलं.

"चष्मा आला तवापासून रोज पाहून राहिली मी. आधी खसखशीएवढं होतं."

पांढऱ्या काचेत, वैमानिकाच्या तोंडासमोर, मसुराएवढा स्वच्छ गोल. मी भिंग लावलं. काचेला बाहेरून ओरखडा नव्हता. आतून होते. केसाहून बारीक, एकाशेजारी एक, शेकडो. तीन वर्षांचे.

"अंजना," यमुताई म्हणाल्या, "मी सही केली वं. माह्या हातानं केली." मग माझं मनगट धरलं. "तू सांग मले. गोंदच हाय ना? जुना झाला म्हून निघून राहिला... असंच ना?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. एवढी ताठ बाई, माझ्याकडून एक खोटं मागत होती.

"गोंदच आहे, यमुताई."

"शोभेले सांगू नको."

"नाही सांगत."

आम्ही दोघी त्या टेबलावर वाकलो होतो. माझा श्वास काचेला लागू नये म्हणून मी तो धरून ठेवला होता, जुनी सवय. यमुताईंनी पदर तोंडावर दाबला होता.

त्या मसुराएवढ्या गोलावर आतून वाफ आली.

आणि मग, आतूनच, पुसली गेली.