लाल दिवा लागलेली खोली

ऐकून हसणारे हसतात. हसोत बापडे. पण ही गोष्ट माझ्याच घरच्या माणसाबाबत घडलेली आहे, आणि त्यात तिखटमीठ लावायची मला हौस नाही.

विनीला ही माझ्या नवऱ्याची चुलत बहीण. हैदराबादेत विद्यापीठात सिनेमा शिकायची. घडलं ते मागच्या मार्चमध्ये, गुरुवारी, भर दुपारी.

पाच वाजता तिला शेवटच्या वर्षाची फिल्म जमा करायची होती. फक्त पावलांचा आवाज राहिला होता. फिल्ममधली आई अंगणातून स्वयंपाकघरात जाते, अकरा पावलं. पडद्यावर ते बघत माईकसमोर तसंच चालायचं, की आवाज चित्राला जोडता येतो.

विनीला आवाजाच्या खोलीत होती. पायात रबरी चपला, कानाला हेडफोन, मोबाईल बाहेर ठेवलेला. काचेपलीकडे यंत्रापाशी तिचा वर्गमित्र श्रीकर.

त्या खोलीचं दार चांगलं वीतभर जाड. आतली मूठ सहा महिने तुटलेली, म्हणून बाहेरूनच उघडायचं. आणि बाहेर लाल दिवा लागला, की कुलगुरू आले तरी दाराला हात लावायचा नाही. हा तिथला कडक नियम.

"पोटात कावळे ओरडतायत गं," श्रीकर काचेपलीकडून माईकवर म्हणाला. "रेकॉर्डिंग चालूच ठेवतो. तू चालत राहा, दहा मिनिटांत बिर्याणी आणतो."

"दहा म्हणजे दहा! आणि सोबतचं सालन विसरलास तर तुलाच चालायला लावीन."

तो गेला. लाल दिवा तसाच चालू.

चित्र संपलं की पुन्हा पहिल्यापासून लागत होतं. सहा वेळा चालून विनीला दमली. जरा भिंतीला टेकली.

पडद्यावर आई निघाली...

आणि हेडफोनमध्ये पावलं वाजली.

एक... दोन... तीन...

विनीला तर जागची हललीच नव्हती.

तिने हेडफोन काढला. चिडीचूप. पुन्हा घातला...

चार... पाच... ओल्या, अनवाणी पायांचा आवाज.

अकरा झाली. चित्र संपलं.

पावलं थांबली नाहीत.

बारा... तेरा... तिच्याच दिशेने.

तिने दार बडवलं, घसा फोडून ओरडली. पण आवाज बाहेर जाऊ नये म्हणूनच बांधलेली खोली ती!

मग कानात बाईचा आवाज आला...

"पुन्हा."

काचेपलीकडची खुर्ची रिकामी होती.

विनीला घाबरून चालू लागली. तशी ती पावलं मागे सरली आणि चित्रातल्या आईबरोबर चालू लागली. विनीला थांबली की ती जवळ. चालली की लांब. हेडफोन काढायची सोय नव्हती, कारण मग ती कुठवर आलीयत तेच कळत नव्हतं.

पोरगी रडत रडत दोन तास चालली.

श्रीकरची गाडी नेमकी वाटेत पंक्चर झाली होती. तीन वाजता त्याने दार उघडलं. विनीला त्याला ढकलून बाहेर धावली, ती थेट आवारातल्या नळापाशी.

दारासमोर यादगिरी शिपाई दुपारभर स्टूल टाकून बसला होता. श्रीकर त्याच्यावर खेकसला.

"लाल दिवा होता ना बाबू," तो बिचारा म्हणाला. "सरसुद्धा दोनदा येऊन परत गेले. मी कसा उघडणार?"

तिला पाणी पाजून, रिक्षात बसवून श्रीकर वीस मिनिटांनी परत गेला. तोवर रेकॉर्डिंग चालूच होतं. जमा करायची घाई, म्हणून त्याने शेवटचा भाग ऐकायला घेतला.

दार उघडल्याचा आवाज. त्याची स्वतःची हाक, "विनी!" तिचं धावत जाणं. दार धाडकन बंद.

मग शांतता...

"पुन्हा."

आणि रबरी चपला चालू लागल्या.

त्यामागून हुंदके. विनीलाचे.

"श्रीकर, दार उघड ना रे... मी आतच आहे..."

वीस मिनिटं. शेवटपर्यंत.

त्याने ते सगळं पुसून टाकलं. फिल्म पावलांविनाच जमा केली. विनीलाला त्याने हे सांगितलेलं नाही, फक्त मला सांगितलं.

विनीला दर रविवारी आमच्याकडे येते. "वहिनी, भूक लागलीय," म्हणत सरळ पानावर बसते. हसते, टोमणे मारते, अगदी पूर्वीसारखी.

मी वाढते. पण वाढताना तिच्या पावलांकडे बघत राहते. ती खोली अजून वापरात आहे, तो दिवा रोज लागतो... आणि पानावर बसलेल्या या पोरीला जवळ घ्यावं, की तिथे जाऊन ते दार उघडावं, हे मला अजून कळलेलं नाही.