वाघिणीचा डावा कान

"सोडा तिला."

"तुम्ही सोडा. माझा हात आधी पडलाय."

जुन्या वस्तूंच्या बाजारात चिनीमातीच्या एका वाघिणीवर दोन हात एकदम पडले होते. एक हात दातांच्या डॉक्टरीणबाईंचा. वाघ असो, सिंह असो की बिबट्या, मनात भरलेलं जनावर त्यांनी आजवर हातचं जाऊ दिलं नव्हतं. दुसरा हात एका उंच माणसाचा. चिनीमातीचे वाघ त्याच्याही घरी होते, आणि तो काही सोडायचं नाव घेत नव्हता.

"जुनी आहे कशावरून?" त्यानं विचारलं.

"सुळे बघा. एकेक हातानं कोरलाय. हल्लीच्या वाघांच्या तोंडात नुसते पांढरे ठिपके असतात. दातांच्या बाबतीत माझ्याशी वाद घालू नका."

त्यानं वाघिणीच्या पाठीवर नखानं टिचकी मारली. टण्ण! "आणि मी पियानो सुरात लावतो. आवाजाच्या बाबतीत तुम्ही घालू नका. कुठेही भेग नाही. भेगेची वस्तू मी घरात ठेवतच नाही. तो आवाज मला सहन होत नाही."

बोलता बोलता तो हसला. खळी पडली ती एकाच गालावर. डॉक्टरीणबाईंची पकड जराशी ढिली झाली... जराशीच.

शेवटी वाघीण दोघांनी मिळून घेतली. पंधरा दिवस तिच्याकडे, पंधरा दिवस त्याच्याकडे. एक आड एक शनिवारी संध्याकाळी, शेवटचा पेशंट गेला की दवाखान्यात अदलाबदल.

पहिल्यांदा तो टॉवेलात गुंडाळलेली वाघीण घेऊन उभ्या उभ्याच गेला. मग चहाला थांबू लागला. मग तर पेशंटच्या खुर्चीत पाय पसरून बसू लागला.

"आ करा बघू," ती म्हणायची.

"नको. चावेन."

"वाघांची सवय आहे मला."

घरी आईच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. "वाघाची ने-आण करायला झुमके लागतात, हे मला नवीनच कळलं गं," ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि झुमके नीट केले.

आणि एका शुक्रवारी घात झाला. धुताना वाघीण नळावर आपटली. डावा कान तुटला, शिवाय मानेपर्यंत बारीक तडा गेला. डॉक्टरीणबाईंना कानाचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी भीती त्याच्या त्या वाक्याची होती. भेगेची वस्तू तो ठेवणार नाही. मग अदलाबदल कशाची, आणि शनिवार कशाचे?

ती वाघिणीला घेऊन दवाखान्यात गेली. दात भरायचं सिमेंट घेतलं, रंग जुळवला, सिमेंट कडक करणाऱ्या निळ्या दिव्याखाली कान पक्का केला, तडा बुजवला. काम इतकं बेमालूम झालं की ती स्वतःवरच खूश झाली. कुणाच्या बापाला कळणार नाही!

शनिवारी त्यानं वाघीण हातात घेतली आणि सवयीनं टिचकी मारली.

ठक.

आवाजाचं तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"भेग आहे," तो हळूच म्हणाला.

थाप अगदी जिभेवर आली होती. पण तिनं मान ताठ केली. "आहे. माझ्या हातून आपटली. आणि मी लपवणार होते."

"का?"

"भेगेची वस्तू तुम्ही ठेवत नाही ना! वाघीण नाही, तर शनिवार नाही. आणि शनिवार मला हवेत..." तिनं एक श्वास घेतला. "मला तुम्ही हवे आहात. झालं. बोलले एकदाची."

तो सावकाश टॉवेल घेऊन वाघिणीच्या मानेभोवती गुंडाळत राहिला. तिचा जीव टांगणीला लागला.

"हिची ने-आण आता बंद," तो म्हणाला. "आणखी एक धक्का बसला तर मान जाईल. एकाच घरी राहायला हवी."

"कुणाच्या?"

"तेच विचारतोय. तुझ्या आईला अजून वाघ चालतील का? माझ्याकडचे सगळे येतील. मागोमाग मी."

तुझ्या! इतक्या शनिवारांच्या अहो-जाहोनंतर...

"आईचं मी बघते," ती कशीबशी म्हणाली. "पण हा आवाज?"

त्यानं पुन्हा टिचकी मारली. ठक. त्याचा चेहरा कसानुसा झाला. "बेसूर आहे."

"मग?"

"मग काय... रोज ऐकीन. होईल सवय." आणि तो हसला.

तिनं पुढे होऊन त्याच्या खळीवर नखानं हलकेच टिचकी मारली, कान देऊन ऐकलं.

"छान आहे," ती म्हणाली. "हा मी ठेवून घेते."