चाकाखालचं लाकूड

फोन वाजला तेव्हा परीक्षक पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करत बसले होते. त्यांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. लाल पेन अजून निवृत्त व्हायला तयार नव्हतं.

"बाबा, ह्यांची व्हॅन पळवली." लेकीचा आवाज फाटला होता.

"ते कुठं आहेत?"

"डेपोत. ओठ फुटलाय. आणि पोलीस म्हणतात ह्यांचाच हात आहे. चार वाजता ठाण्यावर नेणार आहेत."

"चार वाजता कशाला? आत्ता का नाही?"

"बाबा!"

"वेळ विचारतोय गं. किती आहे हातात, ते कळायला नको?"

साडेअकरा झाले होते. परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं.

वाहन परवान्याच्या कचेरीत एकतीस वर्षं ते परीक्षा देणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसले होते. अर्ध्या गावाला त्यांनी नापास केलं होतं, आणि उरलेलं अर्धं गाव पास होऊनही त्यांच्याशी बोलत नव्हतं. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. कोण गाडी कशी चालवतो, ते मात्र विसरत नसत. जावयाला त्यांनी तीनदा नापास केलं होतं, तिन्ही वेळा एकाच चुकीसाठी. चौथ्यांदा दुसऱ्या परीक्षकाने त्याला पास केलं, आणि त्याच महिन्यात लेकीने त्याच्याशी लग्न केलं. परीक्षकांच्या मते दोन्ही निकाल चुकीचे होते.

*

व्हॅन कौलांच्या बंद कारखान्यामागे, उताराच्या रस्त्यावर सापडली होती. आत काही नव्हतं. सकाळी तिच्यात इंजेक्शनांचे बारा थंड खोके होते, मोठ्या रुग्णालयासाठी. बोटभर बाटलीची किंमत माणसाच्या वर्षाच्या पगाराएवढी.

इन्स्पेक्टरबाईंनी परीक्षकांना पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"तुम्ही? मला दोनदा नापास केलं होतंत."

"आरसा न बघता वळलात."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"जावयासाठी रदबदली करायला आला असाल तर मागच्या मागे वळा. हवं तर आरशात बघून."

"मी गाडी बघायला आलोय. जावई मी पाहिलेला आहे."

बाईंना हसू आलं. त्यांनी ते खाकीखाली दडपलं. "बघा. हात लावू नका."

परीक्षक व्हॅनभोवती एक फेरी मारून आले. काच फुटलेली नव्हती. कुलूप तोडलेलं नव्हतं. गाडीचं तोंड उताराकडे होतं. पुढची चाकं फुटपाथच्या दिशेने पुरती वळवलेली, अगदी कडेला टेकलेली. गिअर रिव्हर्समध्ये. हँडब्रेक ओढलेला. आणि पुढच्या चाकासमोर लाकडाचा एक ठोकळा, तेलकट, एका कोपऱ्यावर झिजलेला.

"हा कुठला?"

"ह्याच गाडीतला. सीटखाली असतो," बाई म्हणाल्या. "आता तुम्हीच सांगा, चोरीची गाडी टाकून पळणारा माणूस ती घरंगळेल म्हणून काळजी करतो का?"

"रिकामी टाकून पळणारा करत नाही. पण उतारावर बारा खोके दुसऱ्या गाडीत चढवायचे असतील, आणि गाडीचा हँडब्रेक कच्चा आहे असं ठाऊक असेल, तर करतो."

"तेच म्हणते मी. हँडब्रेक कच्चा आहे आणि ठोकळा सीटखाली आहे हे परक्या चोराला कोण सांगणार? ड्रायव्हर! तो स्वतः गल्लीत बांधलेला सापडला, म्हणजे गाडी इथं जोडीदाराने आणली. सगळी माहिती जावईबापूंनी पुरवली."

मुद्दा बिनचूक होता. परीक्षकांना बिनचूक माणसांचा राग येत असे.

"चारपर्यंत तुमचा जावई डेपोत आहे," बाई म्हणाल्या. "मग माझ्या ताब्यात."

*

जावई औषधांच्या डेपोच्या मागच्या खोलीत स्टुलावर बसला होता. ओठ सुजलेला, मनगटांवर दोरीचे वळ. दाराशी हवालदार.

"या," तो म्हणाला. "निकाल सांगायला आलात?"

"प्रश्न विचारायला आलोय. गाडी थांबलीच कशी?"

"थांबवली नाही. इथं ड्रायव्हरांना शिकवणाऱ्या मास्तरांनी सांगितलंय तसंच सगळं केलं. निघण्याआधी दारं आतून बंद. काच दोन बोटं उघडी. पुढच्या गाडीची मागची चाकं दिसतील एवढं अंतर. रस्त्यात मोटारसायकल आडवी पडली होती, शेजारी माणूस. उतरलो नाही."

"मग?"

"नियम सहावा. अडथळा दिसला की उतरायचं नाही, पहिल्या मोकळ्या गल्लीत वळायचं. वळलो. गल्लीच्या टोकाला टेम्पो आडवा. मागून आणखी एक आला."

"मग?"

"नियम नववा. दोन्हीकडून कोंडलं तर इंजिन बंद, हात स्टिअरिंगवर, मागतील ते द्यायचं. दिलं. तरी एकाने ठोसा मारला. त्याला बहुतेक नियम माहीत नव्हते."

"किती जण?"

"तिघं. दोघं शिव्या देत होते. तिसरा हेल्मेट घातलेला, तो एक अक्षर बोलला नाही. नुसती बोटं दाखवत होता. व्हॅन त्यानेच नेली."

"कुठं न घासता?"

"माझ्यापेक्षा बरी चालवली त्याने."

"त्यात विशेष काही नाही," परीक्षक म्हणाले.

जावयाने मान वर केली. डोळे लाल झाले होते. "तुम्हालासुद्धा वाटतं ना, मीच केलं?"

परीक्षक जायला वळले. दारात ते थोडे थांबले, एवढंच.

*

मॅनेजर आपल्या केबिनमध्ये घाम पुसत होते. परवान्याच्या परीक्षेत परीक्षकांनी त्यांना पाच वेळा नापास केलं होतं. त्यांनी गाडीचा नाद सोडला, राग सोडला नाही.

"तुमचे जावई आत जाणार," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच खुलला.

"व्हॅन आज कुठल्या रस्त्याने जाणार हे कुणाला ठाऊक होतं?"

"रस्ता गुप्त असतो. रोज वेगळा. मास्तर दर शनिवारी आठवड्याची यादी करतात."

"ती कुठं ठेवता?"

मॅनेजरांनी परीक्षकांच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे यादी चिकटवली होती. वर लाल अक्षरांत 'गुप्त' असं लिहिलेलं होतं, म्हणजे कुणी चुकून वाचू नये.

"ही व्हॅन कोण कोण चालवतं?"

"प्रत्येक ड्रायव्हरची गाडी ठरलेली. दुसऱ्याच्या गाडीला कुणी शिवत नाही. बाकीचे पाचही जण त्या वेळी आपापल्या दुकानांत माल उतरवत होते, सह्या आहेत. ही गाडी तुमचे जावई चालवतात, दुरुस्तीला घेतली की मिस्त्री. आणि महिन्यातून एकदा मास्तर, तपासणीसाठी."

मिस्त्री शेडमध्ये एका गाडीखाली होता. परीक्षकांनी त्याच्या पायांशी बोलायला सुरुवात केली.

"उतारावर व्हॅनला ठोकळा लावलेला होता."

पाय हलायचे थांबले. मग सगळा मिस्त्री बाहेर आला, हातात पाना घेऊन.

"ठोकळा? माझ्या गाडीला ठोकळा? सोमवारी नवी केबल टाकली मी हँडब्रेकला! आता कड्यावर उभी करा, तसूभर हलणार नाही. कुणी लावला ठोकळा? नाव सांगा!"

"सोमवारी? आज गुरुवार."

"कागद आहे माझ्याकडे. तुमच्या जावयाने सही केली, मॅनेजरने केली. तीन दिवस ठोकळा सीटखालून बाहेर निघाला नव्हता. माझ्या कामाचा अपमान आहे हा!"

व्हॅन चोरीला गेल्याचं त्याला फारसं वाटलेलं दिसलं नाही. परीक्षकांनी कागद मागून घेतला आणि नीट घडी घालून खिशात ठेवला.

*

मास्तरांची खोली शाळेच्या वर्गासारखी होती. बाकं, खडू आणि भिंतीवर मोठा फलक: 'सुरक्षित चालकाचे दहा नियम'. मास्तर उठून उभे राहिले. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि पाणी दिलं. त्या दिवशी परीक्षकांशी नीट वागलेला हा पहिलाच माणूस.

"फार वाईट झालं हो," मास्तर म्हणाले. "गुणी मुलगा. मी इथं असतो तर कदाचित..."

"तुम्ही नव्हता?"

"शनिवारी संध्याकाळीच मेव्हण्याकडे गेलो. त्याचा बर्फाचा कारखाना आहे. पाच दिवस सर्दीने हैराण झालो. आज सकाळच्या बसने निघालो, साडेअकराला थेट इथं. आल्या आल्या हे ऐकलं."

"पोलीस ठोकळ्यावरून जावयाला धरतायत."

मास्तरांनी हळहळून मान हलवली. "पण त्यात त्याचा काय दोष? त्या गाडीचा हँडब्रेक नावालाच आहे. ठोकळा लावल्याशिवाय ती उतारावर उभी राहतच नाही. मी कितीदा सांगितलं, केबल बदला म्हणून. इथं ऐकतं कोण?"

"खरंय," परीक्षक म्हणाले आणि पाणी संपवलं. "तुमची परीक्षा मीच घेतली होती का?"

"दोनदा." मास्तर हसले. "पहिल्या वेळी नापास केलंत. तुमच्यामुळे तर शिकलो."

परीक्षक बाहेर आले आणि तोवर डेपोत पोचलेल्या इन्स्पेक्टरबाईंना एका बाजूला घेऊन दोन मिनिटं बोलले. बाईंनी आधी हात झटकले. मग कागद वाचला. मग जीप पाठवली.

*

पावणेचारला सगळे मास्तरांच्या खोलीत बाकांवर बसले. मॅनेजरांना बाक पुरत नव्हता. जावई हवालदाराशेजारी. लेक दारात उभी, पदराचं टोक मुठीत आवळून.

"लवकर आटपा," मॅनेजर म्हणाले. "वर्ग भरवलाय नुसता!"

"चोरांना दहाही नियम पाठ होते," परीक्षक फलकाकडे बघत म्हणाले. "नियम सहावा म्हणतो पहिल्या मोकळ्या गल्लीत वळा. ते नेमके तिथेच थांबले होते. नियम मोडणारा ड्रायव्हर सुटला असता. माझा जावई आयुष्यात पहिल्यांदा नियमाने वागला आणि अडकला."

"म्हणजे चोर डेपोतला," बाई म्हणाल्या. "मी सकाळपासून काय वेगळं म्हणतेय?"

"हेल्मेटवाला बोलला नाही. बोलला असता तर जावयाने आवाज ओळखला असता. आता ठोकळा. तो कुणी लावला असेल?"

"हँडब्रेक कच्चा आहे हे ज्याला माहीत आहे, त्याने."

"बाई, अर्धे गुण. हँडब्रेक कच्चा *होता* हे ज्याला माहीत आहे, आणि सोमवारी दुरुस्त झाला हे ज्याला माहीत *नाही*, त्याने. जावयाला माहीत होतं, त्याची सही आहे. जोडीदाराला माहिती द्यायची तर कुणी मागच्या आठवड्यातली देत नाही. मॅनेजरांचीही सही आहे, शिवाय ते गाडी चालवतील तर उतारापर्यंत पोचणारच नाहीत."

"हे बघा—" मॅनेजर उसळले.

"मिस्त्रीने स्वतः केबल टाकली. स्वतःच्या कामाखाली तो ठोकळा ठेवणार नाही. त्यापेक्षा खोके परत देईल."

"देईन!" मिस्त्री ओरडला.

"गाडी हाताळणारा उरला एकच. शनिवारी संध्याकाळी गेला, आज परत आला. मधला सोमवार त्याला ठाऊकच नाही. तासाभरापूर्वी त्याने मला इथेच सांगितलं, ठोकळ्याशिवाय ती गाडी उभी राहत नाही म्हणून."

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. मास्तर अजून हसत होते, पण हसू विसरून राहिल्यासारखं.

"एवढ्यावरून?" ते म्हणाले. "मी बसमध्ये होतो."

"सकाळची बस घाटात बंद पडली," बाई म्हणाल्या. "दीड वाजता पोचली. तुम्ही साडेअकराला. बसच्या दोन तास आधी!"

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, "बाराही?" एवढं विचारलं आणि फोन ठेवला. "मेव्हण्याच्या कारखान्यात. बर्फाच्या लाद्यांमागे. मेव्हणा बोलायला लागलाय, थांबतच नाहीये."

मास्तरांचा शिष्टाचार तिथे संपला. त्यांनी परीक्षकांना दिलेल्या शिव्या लिहिता येण्यासारख्या नव्हत्या; त्यातल्या दोन जावयालाही नव्या होत्या.

"बारा वर्षं या गाढवांना जिवंत राहायला शिकवलं!" मास्तर ओरडले. "मला काय मिळालं? एक खडूची पेटी!"

"म्हणून मला ठोसा?" जावई उठला. हवालदाराने त्याला धरलं, मग आता कुणाला धरायचं ते आठवून सोडलं.

बेड्या पडल्यावर परीक्षक मास्तरांजवळ गेले.

"चाकं फुटपाथकडे वळवली होती तुम्ही. गिअर रिव्हर्समध्ये. दरोड्याच्या घाईत."

"उतारावर चाकं वळवली नाहीत म्हणूनच तुम्ही मला नापास केलं होतं," मास्तर दातओठ खात म्हणाले. "ते मी विसरलो नाही."

"दिसलं," परीक्षक म्हणाले. "आज पूर्ण गुण."

*

व्हॅन पुराव्यासाठी पोलिसांनी ठेवून घेतली. परीक्षकांची जुनी गाडी फाटकाशी होती. लग्नानंतरच्या नऊ वर्षांत तिच्या स्टिअरिंगला जावयाने हात लावला नव्हता; तशी परवानगीच नव्हती.

परीक्षकांनी खिशातून किल्ली काढली.   त्यांनी किल्ली जावयापुढे धरली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. लेक मागे बसली.

 वाटेत परीक्षकांनी दोनदा नसलेला ब्रेक दाबला.

घर चढावर होतं. जावयाने गाडी फाटकापाशी लावली, हँडब्रेक ओढला आणि उतरला. पुढची चाकं नाकासमोर, सरळ; तिन्ही परीक्षांत होती तशीच.

परीक्षक उतरले. त्यांनी चाकांकडे पाहिलं. मग कुंपणाच्या कडेची एक वीट उचलली, वाकून मागच्या चाकामागे सरकवली आणि गुडघ्यावर हात टेकत उठले.

"मामा," जावई म्हणाला. नऊ वर्षांत त्याने त्यांना कुठल्याही नावाने हाक मारली नव्हती. "तुमच्या गाडीचा हँडब्रेक चांगला आहे की."

"हँडब्रेकबद्दल माझी काही तक्रार नाही," परीक्षक म्हणाले. "ओठाला औषध लावा. आत चला."