चाळिसाव्या दिवसाचे गहू

डॅन्यूब नदीकाठच्या विदिन गावच्या इस्पितळात, कॅन्सरच्या वॉर्डात, मी एकोणीस वर्षं नर्स आहे. नाकातल्या नळीतून जेवण देताना घाई करायची नाही, हे नव्या पोरींना मीच दटावून सांगते. आधी उलटी थांबवायचं इंजेक्शन, मग खाटेची उशाकडची बाजू वर, मग पिशवीतलं पातळ जेवण थेंब थेंब. केमोच्या दिवशी तर आणखी हळू.

ईस्टरच्या आदल्या रविवारी फुलांची नावं असणाऱ्या सगळ्यांचा नामदिन असतो. माझं नाव नेवेना, तेही एका फुलाचंच, म्हणजे माझाही. नर्सच्या खोलीत सगळे केकसाठी खोळंबले होते आणि सात नंबरच्या वेल्कोकाकांची पिशवी अजून अर्धी होती.

"काका, मळमळतंय का?"

"डॅन्यूबवरची बोट पोटात घेऊन पडलोय, पोरी. तू जा, माझ्या वाटचाही केक खा."

मी नळीवरची थेंबांचा वेग ठरवणारी चकती सैल केली, जेवण भराभर उतरू लागलं, आणि गेले. परत आले तेव्हा काका उलटीत गुदमरत होते. उलटी फुप्फुसात उतरली होती. तिसऱ्या दिवशी ते गेले.

त्यांची बायको गिंकाकाकू तेव्हा खाटेशी बसून डुलक्या काढत होती. मी कागदावर लिहिलं, चकतीला नातेवाइकाचा हात लागला असावा. तिने ते खरं मानलं. मला स्वतःची लाज वाटली, तरी खोडलं नाही.

चाळिसाव्या दिवशी काकू रीतीप्रमाणे साखर घातलेले उकडलेले गहू वाटायला आली. खाणाऱ्याने मेलेल्यासाठी देवाकडे क्षमा मागायची असते.

"खा गं. त्याच्यासाठी क्षमा माग, आणि माझ्यासाठीही. माझाच हात लागला ना."

"नंतर खाते, काकू," मी म्हटलं. ती जिना उतरल्यावर तिने दिलेला गव्हाचा पेला कचऱ्याच्या डब्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी, आता सात नंबरच्या खाटेवर असलेल्या दोब्राआजी म्हणाल्या, "तोंड गोड लागतंय."

बारा दिवस त्यांचं सगळं नळीतूनच चाललं होतं. "औषधांनी होतं तसं," मी म्हटलं.

"लिंबाची साल किसून घातलीये. छान शिजलंय."

जेवण देण्याआधी पोटात किती उरलंय ते आम्ही सिरिंजने ओढून बघतो. मी ओढलं. दट्ट्या अडला. जोर लावला तसा सिरिंजमध्ये गव्हाचा एक दाणा पडला, शिजून फुगलेला, अख्खा.

नळीची भोकं दाण्याच्या निम्मीही नव्हती.

दुसरा पडला. मग तिसरा.

"या वेळी टाकू नकोस," आजी म्हणाल्या.

फोन चार पावलांवर होता, काकूचा नंबर मला पाठ होता. एवढंच सांगायचं होतं, काकू, तो हात माझा होता.

मी सिरिंज धुतली. तक्त्यात लिहिलं, पोटात काही शिल्लक नाही.

सकाळपासून मी काहीच खाल्लं नव्हतं. सही करताना जिभेला काहीतरी लागलं. मऊ होतं, गोड होतं.

मी गिळलं. लगेच दुसरं आलं.