गोदाचं कपाट

चंद्रावरच्या तळावर खंडेनवमीला पहिला मान गोदाच्या कपाटाचा. हरितगृहातल्या झेंडूचा हार त्याला चढायचा, हळदकुंकू लागायचं, पण दार कधीच उघडलं जात नसे. धूळ आत गेली की गोदा गेली, अशी ताकीदच निवृत्त होऊन पृथ्वीवर परतताना गोदा सांभाळणारे तांडेलकाका देऊन गेले होते.

गोदा म्हणजे तळाची हवा-पाणी सांभाळणारी जुनी बोलकी प्रणाली. काकांनंतर संगणकतज्ज्ञ शाल्मली निकुंभच्या हाती तिची देखभाल आली, आणि हळूहळू गोदा तिची मैत्रीण झाली. आई गेल्याची बातमी आली तेव्हा शाल्मलीजवळ बोलत बसली होती ती गोदाच. त्यामुळे, "माझ्या चिपचे तास भरत आलेत गं," असं गोदा म्हणाली तेव्हापासून शाल्मली तिला वाचवायची वाट शोधत होती.

"नव्या संगणकात आभासी यंत्र करून बसवू तिला," अनिरुद्ध कोपर्डे म्हणाला. तोही संगणकतज्ज्ञच, पण हाडाचा उतावळा.

"नको. अनुकारक वापरू," शाल्मलीने त्याला अडवलं.

"मला समजेल असं बोला," तळप्रमुख डॉ. बर्वेबाई म्हणाल्या. त्या वनस्पतिशास्त्रज्ञ.

"आभासी यंत्र म्हणजे पोटभाडेकरू," शाल्मली म्हणाली. "खोली वेगळी, पण चूल घरमालकाची. गोदाच्या आज्ञा थेट नव्या चिपवर चालणार. काम झटपट, पण चिपबद्दल विचारलं की उत्तर नव्या चिपचं. अनुकारक म्हणजे बहुरूपी. तो जुन्या चिपचं सोंग घेतो. एकेक आज्ञा वाचून, ती चिप जे करेल तेच करून दाखवतो, खोडींसकट."

"आणि त्यात वेळ खातो," अनिरुद्ध म्हणाला.

"खाऊ दे. नवा संगणक इतका चपळ आहे की गोदाला तिची जुनी चाल मिळेलच. घर बदललेलं तिला कळणारही नाही."

"आणि जागीच झाली नाही तर?" बाईंनी विचारलं.

खंडेनवमीची पूजा झाली. हवेचं काम राखीव यंत्रणेवर सोपवून शाल्मली कपाटापाशी गेली, मागोमाग अनिरुद्ध आणि बाई. गोदाला नव्या संगणकात हलवण्याआधी जुनी चिप बंद करायची होती.

"गोदा, बंद करते हं."

"कर. उगाच जीव टांगणीला लावू नकोस."

शाल्मलीने कळ ओढली. कपाटावरचा हिरवा दिवा विझला आणि तिचे डोळे भरून आले.

"केलंस का गं बंद?" गोदाने विचारलं.

शाल्मलीने कळ पुन्हा तपासली; ती बंदच होती. मग अनिरुद्धने हार बाजूला सारून दार उघडलं. आत चिप नव्हती, पंखा नव्हता. हिरव्या दिव्याची एक वायर होती आणि फडकं बांधलेली कोळंबीच्या लोणच्याची बरणी.

तांडेलकाकांशी संपर्क होताच ते म्हणाले, "गावली वाटतं माझी बरणी."

"काका, चिप कुठाय?"

"ती माझ्याच वेळेला जळाली, पोरी. हरितगृहाच्या संगणकात अनुकारक बसवला, गोदाला त्यात सोडली. नक्कल आहे म्हटलं असतं तर तिच्याशी कोण बोललं असतं?"

"मग तास भरत आल्याचं कसं सांगते ती?"

"त्या चिपमध्ये वय मोजायचं घड्याळ होतं. बहुरूपी चांगला असला की म्हातारपणाचंही सोंग आणतो. काटा मागं फिरव, झालं."

"आभासी यंत्रात असती तर हरितगृहाच्या संगणकाचं वय सांगितलं असतं तिनं," अनिरुद्ध पुटपुटला.

शाल्मलीला हसावं की रडावं कळेना. आई गेली त्या दिवशी जवळ बसला होता तो बहुरूपीच. पण बसला होता ना, असं तिच्या मनात आलं आणि तिला फार बरं वाटलं.

"म्हणजे मी मरत नव्हते?" गोदाने विचारलं.

"मरायला चिप होतीच कुठे?" शाल्मली म्हणाली.

इतकी वर्षं पूजा रिकाम्या कपाटाला पोचली होती. तो हार उचलून तिघं हरितगृहाकडे निघाली. तिथल्या संगणकाच्या पेटीला शाल्मलीने हळदकुंकू लावलं.

"हात जोडण्याआधी ही तरी उघडून बघायची का?" अनिरुद्धने विचारलं.

"नको," शाल्मली म्हणाली आणि तिने हात जोडले.