अजून स्वल्प मागे

मेघाश्रीला त्या सकाळी बसने कुठेही जायचं नव्हतं. बंगळुरातल्या बनशंकरीच्या बसथांब्यावर ती उभी होती ती केवळ थांब्याला छप्पर होतं म्हणून. ऑक्टोबरचा बारीक पाऊस पडत होता आणि समोरच्या ऑफिसचं फाटक उघडायला दहा मिनिटं होती. पांढरी काठी काखेत धरून ती फोनवर बोलत होती, "होय हो अप्पा, डबा घेतला. छत्री विसरले… नाही, भिजत नाही."

फोन ठेवला तोच कानाशी कुणीतरी हरखून म्हणालं, "मराठी काय तुम्ही? बरं झालं! ही बस आली बघा. धरा, हात धरा…"

"अहो, मला…"

"सावकाश. पायरी हाय. आणखी एक. झालं!"

मागून चार माणसं चढली, पुढून दोन सरकली आणि मेघाश्री बसमध्ये होती. खालून तो आवाज समाधानाने ओरडला, "निवांत बसा!"

कंडक्टरने कुठे जायचं विचारलं. "पुढच्या थांब्यापर्यंत, अण्णा," ती म्हणाली. त्यालाही नवल वाटलं असेल.

तिथे उतरून ओल्या पदपथावरून काठी टेकत ती परत ऑफिसात पोचली तेव्हा तिला वीस मिनिटं उशीर झाला होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा. दारातच ऑफिसच्या प्रमुख धनलक्ष्मी मॅडम त्यांच्या ठेवणीतल्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "मेघा, हे महांतेश. व्हाइटफील्डच्या कंपनीने पाठवलेत, आपल्या कॉम्प्युटरसाठी."

"नमस्कार मॅ…" समोरचा माणूस म्हणू लागला.

मेघाश्रीने तो आवाज ओळखला. "मला बसमध्ये घालून तुम्ही चालत आलात वाटतं?" तिने मराठीत विचारलं.

"तुम्ही… इथंच…"

"इथंच. पण तुमच्या मनात मला कुठे पोचवायचं होतं?"

महांतेश निपाणीकडचा. तिकडचा माणूस सहसा उत्तरात मागे राहत नाही. हा मात्र घाईघाईने बॅगेची चेन उघडू लागला.

ते ऑफिस म्हणजे एका संस्थेचा लहानसा ब्रेल छापखाना होता. मराठी आणि कन्नड शाळांची पुस्तकं ब्रेलमध्ये उतरवायचं काम मेघाश्रीचं. ज्या प्रोग्रामवर ती हे करी तो वीस वर्षांपूर्वीचा, त्याची कंपनी कधीच बंद पडलेली आणि तो चालायचा फक्त जुन्या विंडोज एक्सपीवर. तसल्या कॉम्प्युटरचे दोन डबे होते. एक गणपतीत बंद पडला, दुसरा दिवसातून चारदा. नवे कॉम्प्युटर आले होते, पण प्रोग्राम त्यांच्यावर उघडत नव्हता आणि तिने केलेली तीनशे दहा पुस्तकं त्याच्याशिवाय कशातच उघडत नव्हती. विश्वस्तांनी मुदत दिली होती: महिनाअखेरपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर विभाग बंद. मेघाश्रीने मग संस्थेच्या व्हाइटफील्डच्या शाखेत जाऊन फोन उचलायचे.

"सोपं आहे तसं," महांतेश खुर्ची ओढत म्हणाला. "नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर बसवायचा. खराखुरा नाही, नुसता भास. त्यात जुनी विंडोज घालायची. प्रोग्रामला वाटतं, आपण आपल्याच घरी हाय."

"म्हणजे त्याला फसवायचं."

"फसवायचं कशाला? समजूत घालायची."

"धरा हात, सावकाश, पायरी आहे, अशी?"

"मॅडम, तेवढं एक विसरा की!"

"बघू," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी प्रोग्राम उघडला. पुस्तकं उघडली. धनलक्ष्मी मॅडमनी म्हैसूरपाक वाटला. मेघाश्रीने तुकडा हातात तसाच धरला, दुसऱ्या हाताने चार अक्षरं टाईप केली आणि म्हणाली, "आवाज मागे पडतोय."

तिचा कॉम्प्युटर बोलायचा. दाबलेलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक ओळ तो तिला वाचून दाखवी. त्या आवाजाच्या जोरावरच ती काम करी.

"मला तर बरोबर वाटतंय," महांतेश म्हणाला.

"तुम्हाला पडद्यावर दिसतं ना. कीर्तन ऐकलंय कधी? बुवा अभंग धरतात आणि मागचा टाळकरी अर्धी मात्रा उशिरा वाजवतो. अभंग तोच, बुवा तेच. पण चार ओळींत बुवा घामाघूम."

"आमच्या गावात सप्ताह असतोय. लहानपणी मी टाळ धरायचो."

"मग तो टाळकरी तुम्हीच."

तो हसला. ते हसू तिला आवडलं; अर्थात तिने ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

"डोळे मिटा," ती म्हणाली. "मिटलेत?"

"मिटले."

"खोटं. पापण्या मिटून कुणी इतकं सरळ बोलत नाही."

आता त्याने खरंच मिटले. तिने त्याची दोन्ही हातांची पहिली बोटं धरून कीबोर्डवर ठेवली. "एफ आणि जे. दोन्हींवर बारीक रेघ आहे, लागते?"

"…लागते."

"किती वर्षं कॉम्प्युटरवर बसता?"

"बारा. पण ही आजच लागली."

"आता टाईप करा आणि ऐका."

त्याने टाईप केलं. डोळे मिटल्यावर बहुतेक त्याला कळलं, कारण तीच ओळ तो पुन्हा पुन्हा टाईप करत राहिला. किंवा तिचा हात अजून त्याच्या मनगटाशी होता म्हणून करत राहिला असेल. दोन्हीपैकी काय, हे तिने विचारलं नाही.

त्यानंतर तो रोज दुपारी येऊ लागला. व्हाइटफील्डहून मेट्रो, मग दोन किलोमीटर चालत. त्याच्या उजव्या बुटाचा तळ ओला झाला की कुई करी आणि त्या महिन्यात तो कोरडा कधी नव्हताच. कुई जिन्यापाशी आली की मेघाश्री केस कानामागे सारी. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने दोन दिवस मुद्दाम सारले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा सारले.

तो काहीतरी बदले आणि विचारी, "आता?"

"अजून स्वल्प मागे." कामाच्या नादात 'थोडं' म्हणायला तिच्या तोंडी कन्नडातलं 'स्वल्प'च येई.

"आता?"

"स्वल्प."

मधल्या वेळात कॉफी येई. तो निपाणीच्या तंबाखूच्या बाजाराची नक्कल करी, ती कीर्तनकारांची. आपल्याच शेजारी बसून कुणी आपल्याला हसवायला इतकी धडपड करावी, याची तिला सवय नव्हती.

मग तो सोमवार आला. महांतेशने बोटाएवढं एक साऊंड कार्ड आणलं होतं. "आवाज इतके दिवस बाहेरच्या कॉम्प्युटरला वळसा घालून येत होता," तो म्हणाला. "आता हे थेट आतल्या विंडोजच्या हातात दिलंय. बघा."

तिने एक कळ दाबली. बोट उचलायच्या आत आवाज आला. दुसरी दाबली. एक अख्खी ओळ टाईप केली. सगळं जिथल्या तिथे, समेवर.

"आता?" त्याने विचारलं.

हो म्हणायचं होतं. हो म्हटलं की तीनशे दहा पुस्तकं वाचली, विभाग वाचला… आणि उद्यापासून जिना कोरडा.

"अजून…" ती म्हणाली, "स्वल्प मागे."

आपण असं बोललो याचं तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. मंगळवारी तिने तेच सांगितलं. बुधवारी सांगताना कान तापले, पण सांगितलं. महांतेश "हं" म्हणे आणि उगाच काहीतरी टकटक करत बसे.

गुरुवारी धनलक्ष्मी मॅडम आत आल्या. हातात कागद होता. "उद्या विश्वस्तांची बैठक. जमलं नाही म्हणून कळवते. महांतेश, तुम्ही फार कष्ट घेतले, उद्यापासून येऊ नका. मेघा, सोमवारी व्हाइटफील्ड. वाईट वाटतंय गं, पण…"

मेघाश्रीच्या बोटांना एफ आणि जे लागत होते.

"मॅडम," ती म्हणाली, "जमलंय. सोमवारीच जमलं. मी खोटं बोलले."

"सोमवारी?" मॅडमचा कागद खाली आला. "मग तीन दिवस तुम्ही दोघं इथे करत काय होता?"

मॅडमनी बहुधा दोघांकडे नीट पाहिलं असावं, कारण "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत त्या आपला कागद फाडतच बाहेर गेल्या.

"माफ करा," मेघाश्री कीबोर्डकडेच तोंड करून म्हणाली. "रोज दोन तास तुम्हाला विनाकारण…"

"मला ठाऊक होतं."

"कसं? तुम्हाला तर फरक ऐकू येत नाही."

"ऐकू येत नाही. मोजता येतो. सोमवारी आकडा खाली आलेला दिसला की मला."

ती गर्रकन वळली. "मग गप्प का बसलात? माझा विभाग बंद झाला असता!"

"झाला नसता. जमलं असा अहवाल लिहून ठेवलाय, उद्या सकाळी देणारच होतो." त्याने रिकामा कप बाजूला सरकवला. "पण तुम्ही मागे आहे म्हणालात. म्हटलं… आणखी तीन कॉफ्या."

तिला रागवायचं होतं. पण ओठ ऐकेनात, हसूच येऊ लागलं.

"आता काम संपलं," तो म्हणाला.

"संपलं."

"मग…"

"रविवारी घरी या."

"काय काम म्हणून सांगू?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

रविवारी अकराच्या सुमारास बेल वाजली. मेघाश्री स्वयंपाकघरात चित्रान्नाच्या भाताची फोडणी हलवत होती. दार अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, नरसिंहरावांनी उघडलं.

"कॉम्प्युटरवाले ना तुम्ही?" अप्पा म्हणाले. "पण आमच्याकडे कॉम्प्युटरच नाही. टीव्ही बघता का? डाव्या बाजूला पट्टा दिसतो."

"बघू की, टीव्ही पण बघू," महांतेशचा आवाज. मग घसा खाकरलेला. "पण त्यासाठी नाही आलो. मला मेघाश्री फार आवडतात. लग्न करायचं मनात आहे. त्यांना अजून विचारलेलं नाही. तुम्हाला आधी सांगावं म्हटलं… म्हणजे… चुकलं काय?"

फोडणीतली मोहरी तडतडत राहिली.

"आधी तिला विचारायचं हो," अप्पा म्हणाले. "लग्न माझ्याशी करताय काय?"

"विचारतो की. कुठं आहेत?"

मेघाश्रीने गॅस बंद केला आणि पदराला हात पुसले.

"इथेच आहे," ती आतून म्हणाली. "विचारा. ऐकतेय मी."